हुकमाची पानं आणि बॅगिन्सांची भाऊबंदकी

"गँडाल्फला मॅजिशियनचं पान? छे गं! जादूगार म्हटला की दिलं मॅजिशियनचं पान, असं कुठे असतं?"

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर टॅरोची पानं मांडली होती. वारा सुटलेला, म्हणून प्रत्येक पानावर कपड्यांचा एकेक चिमटा. टॅरोचा क्लास त्यांनी हौसेने केला आणि त्याच सुमारास 'स्वामी मुद्रिकांचा', म्हणजे टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मराठी अनुवाद, वाचून काढला. आता दोन्हींची सोयरीक जुळवणं चाललंय.

"हे बघ. टेबलावर पेला, तलवार, दांडका, नाणं, सगळं मांडलंय. एक हात वर, एक खाली. मांडून दाखवणाऱ्याचं पान आहे हे. गँडाल्फ कधी काही मांडून दाखवतो का? शायरमध्ये आला की शोभेची दारू उडवतो, बाकी सगळं पोटात. हे त्या दुसऱ्या जादूगाराला, सारुमानला दे. त्याला यंत्रं हवीत, चाकं हवीत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी."

"मग गँडाल्फला?"

"हर्मिट. नववं पान. करडा झगा, पांढरी दाढी, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. मोरियाच्या खाणीत काठीच्या टोकाला उजेड धरून पुढे कोण चालत होतं?"

"पण पुढे तो बालरॉगबरोबर दरीत पडतो आणि परत येतो तो पांढरा होऊन. तेव्हाही हर्मिटच?"

"तेव्हा तेरावं." डेथचं पान त्यांनी बिनदिक्कत मधोमध ठेवलं. चिलखतातला सांगाडा, पांढऱ्या घोड्यावर. खाली राजा आडवा पडलेला, समोर धर्मगुरू हात जोडून उभा, एक पोर गुडघे टेकून वर बघतंय, आणि मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य. "घोडा बघितलास? परत आलेला गँडाल्फ कशावर बसून फिरतो? शॅडोफॅक्सवर. हे बघ, अमक्याला अमकं पान असं चिकटवून टाकायचं नसतं. माणूस एका पानातून निघून दुसऱ्यात जातो. तुमच्या त्या याद्या असतात ना, हा एम्परर, ती एम्प्रेस, त्या म्हणजे नुसत्या लग्नाच्या बायोडाटासारख्या."

हे मला पटलं, पण लगेच कबूल केलं असतं तर गप्पा तिथेच संपल्या असत्या. म्हणून मी दुसरीकडून शिरले. "टोल्कीनने पत्ते बघून थोडंच लिहिलंय? तो पक्का कॅथलिक. रूपककथा आवडत नाहीत, असं त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय."

"त्याने नसेल बघितले. पण त्याचे मित्र?"

इथे माझ्याकडे माल होता. चार्ल्स विल्यम्स हा ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमधला माणूस. 1939 मध्ये युद्धामुळे त्याचं ऑफिस लंडनहून ऑक्सफर्डला हललं, आणि तो टोल्कीन आणि लुईस यांच्या इंकलिंग्ज या मित्रमंडळात आला. त्या बैठकांत टोल्कीन आपली लिहिती कादंबरी वाचून दाखवायचा. हा विल्यम्स तरुणपणी एका गूढपंथी मंडळाचा सभासद होता, आणि त्या मंडळाचा प्रमुख कोण, तर आर्थर एडवर्ड वेट! काकूंच्या भिंतीवर चिमटे लावून बसलेली पानं त्याचीच, 1909 ची. विल्यम्सने 1932 मध्ये टॅरोवर अख्खी कादंबरी लिहिली होती, 'द ग्रेटर ट्रम्प्स'.

"म्हणजे शेजार होताच की!" काकू खूश. "आणि पानं वेटची म्हणू नकोस हं. चित्रं पामेला कोलमन स्मिथची. कोपऱ्यात बघ तिची सही. नाव झालं वेटचं आणि छापणाऱ्या रायडरचं. ती बिचारी 1951 मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारली, ती कफल्लकच. आमच्या क्लासमध्ये तिचं नाव एकदाही घेतलं नाही, फक्त इजिप्त, इजिप्त."

इजिप्तचं ते खूळ पॅरिसचं. 1781 मध्ये कूर द जेब्लाँने ठोकून दिलं की ही पानं म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं ज्ञान. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. मुळात हा पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा डाव. आज ज्यांना मेजर आर्काना म्हणतात ती 22 पानं म्हणजे त्या डावातले 21 हुकूम आणि एक 'फूल', म्हणजे मूर्खाचं पान. भविष्यबिविष्य नंतरचं.

"असू दे नंतरचं. मूनचं पान काढ." काकूंनी स्वतःच काढलं. वर चंद्र, दोन बाजूंना दोन बुरूज, मधून वाट, एक कुत्रा, एक लांडगा. आणि खाली डोहातून एक खेकड्यासारखा जीव वर येतोय.

"बोल, हा कोण?"

"गॉलम," मी म्हटलं. दुसरं कोण असणार? फारामिर फ्रोडोला अपरात्री उठवून धबधब्यावर नेतो, तो प्रसंग. मावळतीचा चंद्र, खाली निषिद्ध डोह, आणि त्यात गॉलम सूर मारून मासे पकडतोय. तिथे परवानगीशिवाय शिरणाऱ्याला मरणाची शिक्षा, धनुर्धारी बाण लावून तयार. फ्रोडो त्याचा जीव वाचवायला खाली जातो, गोड बोलून त्याला बाहेर बोलावतो आणि फारामिरच्या माणसांच्या हातात देतो. जीव वाचतो, पण गॉलमच्या लेखी तो दगाच. चंद्राच्या उजेडात उपकार कुठला आणि फसवणूक कुठली, ते फ्रोडोलाही नीट दिसत नाही. पुढचं सगळं तिथून बिघडत जातं. टोल्कीनने ती पानं पाहिली असोत वा नसोत, हे चित्र त्या प्रसंगावर इतकं चपखल बसतं की मला भिंतीपाशी उभ्या उभ्या शहारा आला.

"जजमेंटही असंच," काकू म्हणाल्या. "देवदूत तुतारी वाजवतो आणि मेलेले पेट्यांतून उठतात. ॲरागॉर्न एरेखच्या दगडापाशी चांदीचं शिंग फुंकतो की नाही? शपथ मोडलेली भुतं आली ना उठून?"

"आणि काम झाल्यावर त्यांना पेलार्गिरलाच मोकळं केलं. सिनेमात उगाच मिनास तिरिथपर्यंत फरपटत आणलीत."

टॉवरच्या पानावरून मात्र वाजलं. मी म्हटलं, सॉरॉनचा बुरूज बराद-दूर कोसळतो, झालं. काकू म्हणतात, त्या पानावर वीज बुरुजाचा मुकुट उडवते आणि माणसं खाली पडतात, तेव्हा पान डेनेथॉरचं. "गडी नुसता कारभारी, गादी रिकामी, पण राजा परत येतोय म्हटलं की पोटात दुखतं. वर माडीवर बसून त्या जादूच्या गोळ्यात बघायचं, आणि दिसायचं ते सॉरॉन दाखवील तेवढंच. थोरला गेला, धाकट्या फारामिरला जिवंतपणी चितेवर घेऊन बसला. घराणं बुडवायला निघाला, दुसरं काय!"

'फूल'च्या पानावर मात्र मीच जिंकले. कड्याच्या टोकावरचा पोरगा, काठीला गाठोडं, पायाशी पांढरा कुत्रा, नजर आभाळात. काकूंच्या मते तो फ्रोडोचा सोबती सॅम. पण सॅमची नजर कधी वर असते? त्याच्या पाठीवर अख्खं स्वयंपाकघर, आणि मॉर्डोरमध्ये ती भांडी भेगेत टाकताना त्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. फूल म्हणजे 1937 च्या 'हॉबिट'मधला बिल्बो. टोपी नाही, काठी नाही, पैसे नाहीत, खिशात रुमालसुद्धा नाही, आणि निघाला धावत.

"बरं, दिला बिल्बोला," काकू नाइलाजाने. "आणि डेव्हिलमधून सुटलेला पहिला तोच. त्या पानावरच्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या बघ, सैल आहेत. काढून ठेवता येतात, पण काढवत नाहीत. बिल्बोने आपली, म्हणजे ती अंगठी, एकशे अकराव्या वाढदिवसाला काढली. गँडाल्फने डोळे वटारल्यावर का होईना."

"आणि लोबेलिया?"

काकूंनी 22 पानं बाजूला सारून खालची 56 उपसायला घेतली. सॅकव्हिल-बॅगिन्सांची लोबेलिया म्हणजे भाऊबंदकीचा अर्क. बिल्बोच्या घरावर जन्मभर डोळा, त्याचे चांदीचे चमचे ढापल्याचा संशय, आणि तो गेल्यावर फ्रोडोने तिच्या छत्रीतून काय काय काढून घेतलं!

"तलवारीची राणी. पण उलटी."

"काकू, तीच छत्री घेऊन ती पुढे गुंडांच्या अंगावर धावली. या वयात तुरुंगात गेली. सुटून आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिला रडू आलं. घर फ्रोडोला परत दिलं, पैसा बेघर हॉबिटांसाठी ठेवला. सुलटी करा बघू."

काकूंनी पान हातात धरलं, फिरवलं आणि चिमटा लावला.

"केली सुलटी. पण चमच्यांचं मी विसरायची नाही."