एक टनाची गाडी, दोन पाट्या मोगरा

निवृत्त माणसाने देवळात जावं असा रिवाज आहे. मी देवळालीला गेलो. तोफखान्याच्या त्या गावाच्या वाटेवर एका भंगारवाल्याच्या आवारात लष्कराने मोडीत काढलेली निसान वन-टन उभी होती. नंबरप्लेटवरचा वर तोंड केलेला बाण रंग खरवडूनही दिसत होता. मला वाटलं, तो माझ्याकडेच रोखलाय. भंगारवाल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने लगेच चहा मागवला.

साखरशेतला आमची थोडी जमीन आहे आणि तीत मोगरा. जव्हारकडे आता बरेच जण मोगरा लावतात. पहाटे कळ्या खुडायच्या आणि ताज्या असतानाच बाजार गाठायचा, तर हाताशी वाहन पाहिजेच, असा माझा युक्तिवाद.

“मोगरा किती निघतो आपला?” हिने विचारलं.

“चांगल्या दिवशी बारा-पंधरा किलो.”

“आणि गाडी किती उचलते?”

“एक टन.”

पुढे ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान मी गाडी घेतली नसती.

गाडी जबलपूरची. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक, जपानच्या निसानच्या परवान्यावरची जोंगा आणि ही वन-टन, तिन्ही भावंडं तिथल्याच संरक्षण कारखान्यांत घडलेली. हे मी गावात इतक्या वेळा सांगितलं, की मला येताना बघून पारावरची माणसं उठू लागली. इंजिन सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं, पेट्रोलचं. यातला शेवटचा शब्द मी घरी खालच्या आवाजात उच्चारत असे.

आधी रंग. लष्करी हिरव्याचे डबे आणून, झाकणं उघडून बसलो, तेव्हा कागदपत्रांसाठी गाठलेल्या एजंटाने 1989 च्या मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम ऐकवला: तो हिरवा फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, इतरांना मनाई. मग गाडी आकाशी झाली आणि हिरवा रंग गोठ्याच्या दाराला, खिडक्यांना आणि शेवटी पाण्याच्या टाकीला लागला. लांबून आमचं घर छावणी वाटतं आणि गाडी आइस्क्रीमची. त्यानंतर दिवे. ट्रॅक्टरचे बल्ब बसवले, बटण दाबलं, एकदा लख्ख उजेड पडला आणि गेला. गाडीची वीज 24 व्होल्टची, बल्ब 12 चे. “लढाईची गाडी आहे गुरुजी,” शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, “तिला काम नको, लढाई पायजे.”

ती तिने घाटात सुरू केली. सपाटीला गुरगुरत मस्त चालायची. चढ आला, ऊन वाढलं, की आचके देत बंद. अर्ध्या तासाने आपोआप चालू. मिस्त्रीकडे नेली, तर दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी शहाणी. मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून फुंकला. शेवटी तो भर उन्हात माझ्याबरोबर चढावर आला. गाडी बंद पडताच बॉनेट उघडून त्याने फिल्टरची काचेची वाटी दाखवली. आत पेट्रोल कमी, बुडबुडे जास्त.

“पंप इंजिनाला चिकटून. इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच उकळतं आणि पंप वाफ ओढत बसतो. वाफेवर आगगाडी चालते गुरुजी, ही नाही चालत. हे इंजिन काढा, चारशेसातचं डिझेल टाकू.”

मी त्याला शक्तिमान, जोंगा आणि वन-टन यांचा इतिहास सांगितला. तो पाने गोळा करत म्हणाला, “मग ओलं फडकं ठेवा.”

मे महिन्यात एका पहाटे नाशिकचा बेत ठरला. दोन पाट्या मोगरा बर्फासह थर्माकोलच्या खोक्यात, शेजारचा पोरगा पंपावर पाणी ओतायला. सेल्फ लागेपर्यंत आठ वाजले. मोखाडा ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तोरंगणच्या घाटात पहिलं वळण गेलं, दुसऱ्याला पाणी संपलं, त्यापुढे गाडी थांबली. मागे एस.टी., एस.टी.च्या मागे जीप, जीपमध्ये माझा एक जुना विद्यार्थी.

“गुरुजी,” पोरगा म्हणाला, “बर्फ आहे की.”

मी खोक्याकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. एस.टी.वाल्याने हॉर्न दाबून धरला. माझ्याच पंच्यात बर्फ बांधून पंपाच्या डोक्यावर ठेवला. गाडी अशी चढली, की मी पोराला पुन्हा जोंगाची गोष्ट सांगितली. तो झोपला.

फुलबाजारात व्यापाऱ्याने खोकं उघडलं. कळ्या उमलून तपकिरी पडल्या होत्या. एक मूठ नाकाशी नेऊन त्याने लांब धरली.

“गुरुजी, हिला पेट्रोलचा वास येतोय.” मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. “गाडी विकायचीय का? माझा मेव्हणा घेतो.”

“काय भाव?”

“किलोवर.”

घरी आल्यावर हिने विचारलं, मोगऱ्याला काय मिळालं. मी म्हटलं, आज बाजारात मागणी गाडीलाच जास्त होती.