बारा दिव्यांचे नाना

निफाड तालुक्यात थंडी पडल्याची खूण दोन ठिकाणी दिसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो आणि नाना ट्रॅक्टरला आणखी एक दिवा बसवतात.

नाना हे एकाच माणसाचं नाव समजू नका. ओझरकडे ते आप्पा असतात, लासलगावकडे बापू, दिंडोरीत गेलात तर भाऊसाहेब. वय पंचेचाळीस ते साठ, द्राक्षबाग अडीच-तीन एकर, कांदा जमेल तेवढा, आणि शेडमध्ये वीस-बावीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर. द्राक्षाच्या दोन ओळींत अंतर नऊ फूट, त्यात दोन्ही बाजूंनी काड्या आणि घड आत आलेले, वर तारा. तिथे मोठं धूड शिरलं तर बागेची काढणी आणि छाटणी एकदमच होते. म्हणून बागाईतदार अरुंद ट्रॅक्टर घेतो. महाडीबीटीच्या सोडतीत नंबर लागल्यावर नानांनीही घेतला. अरुंद आहे म्हणून घेतला, एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

थंडीत उजेड लागतो यात वाद नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने डावणी आणि भुरी यांच्याशी लढाई असते. पानांवर दव बसलं की डावणीचं फावतं, आणि फवारणीला वेळ कुठली तर वारा पडलेली, म्हणजे भल्या पहाटेची किंवा दिवस मावळल्यानंतरची. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मणी तडकायची भीती, मग पहाटे बागेत शेकोट्या आणि ठिबक चालू. त्यात शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं रात्रीची. गोदाकाठच्या उसात बिबट्या. अशा वेळी कंपनीनं दिलेले दोन हेडलाईट आणि मागचा एक प्लाऊ लॅम्प कमी वाटले तर त्यात नानांचं काही चुकत नाही. चुकतं ते त्यानंतर.

नानांना पाहायचं तर पिंपळगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. ट्रॅक्टरच्या बोनेटवर खंडेनवमीचा झेंडू अजून सुकलेला लटकतोय, नाना प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हातात चहाचा कागदी कप. इलेक्ट्रिशियन पोरगेलासा, पण कामाचा.

"नाना, रिले टाकू का?"

"कशाला? डायरेक्ट घे बॅटरीवरून."

"फ्यूज तरी टाकतो."

"नको. फ्यूज उडतो."

"नाना, उडायलाच असतो तो."

"म्हणून तर नको म्हणतो ना भो!"

इलेक्ट्रिशियन काही बोलत नाही. ही वायर तापेल, इन्सुलेशन वितळेल आणि नाना पुन्हा इथेच येतील, हे त्याला ठाऊक आहे. धंद्याला असं गिऱ्हाईक लागतं.

दिव्यांची निवड हा वेगळा विषय. एलईडीच्या खोक्यावर छापलेले वॅट हे निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखे असतात, मोजायला कुणी बसत नाही. नाना तर आकड्यापेक्षा चमक बघतात. दुकानदार दिवा बॅटरीला टेकवतो, समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र झोत पडतो, भिंतीजवळची म्हातारी डोळ्यांवर पदर घेते. "हा द्या," नाना म्हणतात. म्हातारीची ती दाद त्यांना पावतीपेक्षा मोठी वाटते.

असे करत करत दिवे बारा झाले. टपावर एलईडीची लांब पट्टी, खाली चार चौकोनी, बंपरवर दोन गोल, आरशांखाली दोन निळे, कंपनीचे दोन, आणि रेडिएटरच्या जाळीआड एक लाल-हिरवा, जो का आहे हे नानांनाही सांगता येत नाही. बाराच्या बारा पुढे तोंड करून. आणि इकडे ओट्यावरचा बल्ब गणपतीत गेलाय. नानी रोज संध्याकाळी आठवण करतात, नाना रोज म्हणतात, "उद्या." एकदा नानींनी सुचवलं की बल्ब राहू द्या, ट्रॅक्टरच ओट्यापुढे उभा करा. नानांनी ते मनावर घेतलं. तासभर सगळे दिवे लावून ट्रॅक्टर दारात उभा, इंजिन बंद, डेक चालू, गल्लीतली पोरं गोळा.

आता थोडा हिशेब. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर निघतात. बॅटरी १२ व्होल्टची. ५५ वॅटचे दोन हेडलाईट नऊ अँपिअर खातात, टपावरची ७२ वॅटची पट्टी सहा, १८ वॅटचे चार चौकोनी आणखी सहा. एकवीस इथेच झाले, गोल, निळे, लाल-हिरवा आणि डेक बाकी. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर त्यातलं बरंच भरून देतो, तेही रेसवर. मंद चालीवर त्याचा हात आखडतो. इंजिन बंद असेल तर सगळा भार बॅटरीवर. बॅटरीची ताकद थंडीत आधीच उतरलेली, आणि पहाटे गारठलेलं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात. ते कुठून येणार?

ते येत नाहीत. पहाटे पाचला सेल्फ एकदा 'टक' करतो आणि गप्प बसतो. मग शेजारच्याचा मोठा ट्रॅक्टर, दोर आणि टोचन. टोचन करणारा शेजारी दरवेळी एकच विचारतो, "नाना, काल रात्री कुणाचं लग्न होतं?"

धुक्याचंही तसंच. डिसेंबरात गोदाकाठी धुकं उतरलं की टपावरचा पांढरा झोत धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येतो. धुक्यात दिवा खाली, बंपरच्या उंचीवर हवा आणि झोत जमिनीकडे झुकलेला. नानांचे बंपरवरचे दोन गोल दिवे नेमके त्याच जागी आहेत, पण ते त्यांनी वर आभाळाकडे वळवलेत. कारण विचारलं तर, "लांबून दिसतं." कुणाला दिसतं, हे विचारायचं नाही.

इथवर वाचून नाना म्हणजे निव्वळ दिखाऊ माणूस वाटला असेल तर त्यांची पेटी बघा. दिव्यांचे नाना आणि पेटीचे नाना एकाच अंगात राहतात, पण त्यांची आपसात ओळख नसावी.

कंपनी पान्यांसाठी जी पेटी देते तिच्यात दोन पाने आणि एक निराशा मावते. नानांनी तीन एमएमचा पत्रा आणून स्वतः उभं राहून पेटी बनवून घेतली. झाकण मागच्या अंगाला उतरतं, म्हणजे पाणी साचत नाही. तळाला दोन भोकं, आत गेलेलं दव गळून जायला. आत जुन्या ट्यूबचं रबर अंथरलेलं, त्यामुळे पाने खडखडत नाहीत आणि घासून झिजत नाहीत. फवारणीतलं मोरचूद लोखंडाला खातं म्हणून आतबाहेर रेड ऑक्साईडचे दोन हात. बाजूला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, एका टोकाला टोपण; त्यात ग्रीस गन उभी राहते. पेटी वेल्डिंग करायच्या आधी ज्या माणसानं फ्यूज नको म्हटलं होतं, त्याच माणसानं बॅटरीची निगेटिव्ह वायर आठवणीनं सोडली, कारण तसं न केल्यास अल्टरनेटरचे डायोड जातात. विचारलं तर म्हणाले, "एवढं कळतं की आपल्याला."

आणि आतला माल! १२-१३ पासून २४-२७ पर्यंत पाने, प्रत्येकाला कापडी पट्टीचा कप्पा. गोटी पान्यांचा संच, पक्कड, टेस्टर, स्क्रू पाना. ब्लोअरचे जास्तीचे नोझल आणि त्यांच्या जाळ्या, औषधाच्या रिकाम्या झालेल्या नव्हे, घरच्या लोणच्याच्या बरणीत, हे मुद्दाम सांगतो. टॉपलिंकची पिन, लिंच पिना अर्धा डझन (त्या कायम पडतात आणि कायम एकाच ओळीत पडतात), फॅन बेल्ट, ठिबकचे जॉइनर, टेफ्लॉन टेप, एम-सील, बांधायची तार, सुतळी, आणि एका डबीत गूळ-शेंगदाणे. दीड वाजता रात्री कुणाच्या विहिरीवरच्या मोटरचा पाइप सुटला तर फोन वायरमनला जात नाही, नानांना जातो. कानटोपी, मफलर, वर पोराचं जुनं कॉलेजचं जर्किन, अशा थाटात ते निघतात. पैशाचं नाव नाही. पाना वापरून परत दिला का, एवढंच बघतात. १८-१९ चा पाना एकानं पंधरवडाभर ठेवून घेतला, त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात नाना जेवले नाहीत. चहा तेवढा घेतला.

पेटीत खोट निघाली ती जागेची. पहिल्या वर्षी ती डाव्या मडगार्डला बाहेरून लावली. अरुंद म्हणून घेतलेला ट्रॅक्टर एका बाजूनं वीतभर रुंद झाला आणि पहिल्याच फेरीत पेटीच्या कोपऱ्यानं ओळीतले घड ओरबाडत नेले. मागून नानी चालत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, पडलेले घड ओच्यात गोळा केले आणि बांधावर नानांच्या पुढ्यात ओतले. त्या रात्री पेटी कापली गेली आणि सीटच्या पाठीमागे, मधोमध आली. जागा उत्तम. हात मागे केला की झाकण हाताला लागतं, बागेत कुठे अडत नाही.

फक्त मागचा प्लाऊ लॅम्प आणि लाल दिवा, दोन्ही त्या पेटीआड गेले.

त्यामुळे फवारताना नोझल तुंबला की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पुढे बारा दिव्यांनी शेजारच्या शेजारची बाग उजळलेली असते आणि मागे, जिथे ब्लोअर आहे, जिथे खरं काम आहे, तिथे नाना मोबाईलची बॅटरी दातांत धरून नोझल खोलत असतात. एक दिवा मागे वळवा, असं सगळ्यांनी सांगून झालं. "बघू पुढच्या सीझनला," म्हणतात. पुढच्या सीझनला तेरावा दिवा येतो, तोही पुढेच.

रात्री निफाड-पिंपळगाव रस्त्यानं जाताना समोरून उजेडाची भिंत आली तर घाबरू नका, नाना आहेत. साईडपट्टीवर थांबा, जाऊ द्या त्यांना. पण त्यांच्या मागून येत असाल तर गाडी हळू घ्या, कारण मागून ते दिसत नाहीत. आणि कुठल्या टपरीवर भेटलेच, तर त्या पेटीवर हातभर लाल रेडियम चिकटवायला सांगा. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.