कळावे, तुमचाच वेताळ

डेंकालीच्या जंगलात चारशे वर्षं कुणाला चेहरा न दाखवलेला चित्रकथेतला वेताळ हल्ली चाहत्यांच्या मासिकात दरमहा पत्र लिहितो. मायना असतो ‘माझ्या छोट्या दोस्तांनो’. छोटे दोस्त पेन्शन घेतात, जेवणाआधी मधुमेहाची गोळी घेतात आणि अंक आला की नातवाच्या हाती लागायच्या आत वाचून काढतात.

पत्राबद्दल आमची तक्रार नाही. वेताळाचा पत्रव्यवहार जुना आहे. जंगल गस्तीच्या ठाण्यात तिजोरी, तिजोरीखाली भुयार, भुयाराचं तोंड पडक्या विहिरीत. रात्री तिथून येऊन गस्तीचा हा सेनापती हुकमाची चिठ्ठी ठेवून जायचा. मोजके शब्द, काम फत्ते.

आमचं घोडं अडतं ते ता. क.पाशी. जानेवारीत वेताळाने चाच्यांचं जहाज बुडवलं. ता. क. : ज्यांची वर्गणी डिसेंबरात संपली, त्यांनी ती त्वरित भरावी. फेब्रुवारीत हस्तिदंताचे चोर पकडले. ता. क. : अंक न मिळाल्यास आधी आपल्या पोस्टात चौकशी करावी. मार्चमध्ये तर कहरच. ता. क. : कवटीची अंगठी, हुबेहूब, व्ही.पी.पी.ने घरपोच, टपालखर्च वेगळा.

टपालखर्च वेगळा! १५३६ साली बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वेताळाने शपथ घेतली ती चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नायनाटाची. यादीत लोभ दुसरा आहे, संपादकांनी एकदा बघून घ्यावं. ज्या अंगठीची खूण बदमाशांच्या जबड्यावर जन्मभर राहायची, ती आता आमच्या सोसायटीचे खजिनदार बोटात घालून मेंटेनन्सच्या पावत्या फाडतात. तिकडे कवटीच्या गुहेत काय चाललं असेल? सिंहासनावर बसून एकविसावा वेताळ पुरवण्या मोजतोय, बांदार जमातीची मंडळी विषारी बाण बाजूला ठेवून पत्त्यांच्या चिठ्ठ्या डकवताहेत, त्याचा लांडगा पाकिटं चाटून बंद करतोय आणि बायको डायना दारात उभी राहून विचारतेय, जेवायला येताय की अजून नाशिक विभाग व्हायचाय? बिचारी. चित्रकथा सुरू झाली १९३६ साली आणि हिच्या गळ्यात माळ पडली १९७७ साली. एक्केचाळीस वर्षं या गृहस्थाला लग्नाचं जमेना. वर्गणीदाराला मात्र आठ दिवसांत उत्तर.

आणि उत्तर येतं, हेच आमचं खरं दुखणं आहे. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण गेलं. रीतसर अर्ज केला, सोबत फोटो जोडला, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का घेतला. शिक्का इतका ठसठशीत की झाकण म्हणून तोच वापरता आला असता. पुढे काही नाही. स्मरणपत्र दिलं, काही नाही. गटारात एक स्कूटर पडली, मग एक पाहुणे पडले, तरी काही नाही. ज्याला आईबाप नाहीत, आधार कार्ड नाही, जो कागदावर शाईने काढलेला आहे, तो सहावीतल्या मुलाला ‘तुझा घोड्याविषयीचा प्रश्न आवडला’ असं कळवतो. आणि ज्याला पगार आहे, महागाई भत्ता आहे, ज्याच्या टेबलावर नावाची पाटी आहे, त्याच्याच्याने दोन ओळी खरडवत नाहीत? काय हात मोडलेत?

अर्ज जिथे दिला त्या कचेरीत गेलं की खुर्चीच्या पाठीवर स्वेटर दिसतो, काचेखाली देवाचा फोटो दिसतो, पंखा चालू असतो. साहेब आजवर कुणी पाहिलेले नाहीत. वेताळाची युक्ती खरी यांनीच उचलली. बाप गेला की मुलाने तोच पोशाख चढवायचा, म्हणजे लोकांना वाटतं हा मरतच नाही. इथे साहेब बदलतात, निवृत्त होतात, बढतीवर जातात. स्वेटर तोच, उत्तर तेच : ‘फाईल वर गेली आहे.’ गल्लीतल्या म्हाताऱ्यांची तर खात्रीच आहे की त्या खुर्चीत पहिल्यापासून एकच माणूस बसलाय आणि त्याला मरण नाही.