जिंकलो हो, पण काय ते खेळणं!

टेक्ससमधल्या एखाद्या गावात शुक्रवारी रात्री शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला, तर गाव गप्प होतं. दणदणीत जिंकला, तर हॉर्न वाजवत घरी जाऊन झोपतं. पण तोच संघ धडपडत, चेंडू पाडत, कसाबसा एका गुणाने जिंकला की गावाला जी वाचा फुटते ती रविवारच्या चर्चपर्यंत बंद होत नाही. माझं म्हणणं असं की, प्रेक्षकांना मनापासून आवडतो तो हा तिसरा प्रकारच. ते हे कबूल करणार नाहीत, पण पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे. उत्तम खेळ हवा असेल, तर तो रविवारी घरच्या सोफ्यावर, टीव्हीवर मिळतो. तरीही ही मंडळी शुक्रवारी चीज ओतलेले नाचोज मांडीवर घेऊन पत्र्याच्या बाकांवर बसतात. शिवाय 1961 सालच्या एका कायद्याने, शाळांच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर सामने टीव्हीवर दाखवणं व्यावसायिक लीगला फार अवघड करून ठेवलं आहे. म्हणजे चांगल्या खेळाची झळ कच्च्या खेळाला लागू नये, याची तजवीज खुद्द अमेरिकन संसदेने केलेली आहे!

याचं कारण उघड आहे. खेळ निर्दोष झाला तर प्रेक्षकाला टाळ्यांपलीकडे कामच उरत नाही. गचाळ झाला की बाकावरचा प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. त्यासाठी लागणारी फुरसत हा खेळ सढळ हाताने देतो. 12 मिनिटांची चार सत्रं, म्हणजे खेळ 48 मिनिटांचा, पण मध्यंतरातल्या बँडसकट प्रकरण अडीच तासांवर जातं. वॉल स्ट्रीट जर्नलने 2010 मध्ये व्यावसायिक सामन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन तासांच्या प्रक्षेपणात प्रत्यक्ष खेळ निघाला जेमतेम 11 मिनिटांचा. शाळकरी पोरं याहून फार उदार नसावीत. उरलेला सगळा वेळ मतप्रदर्शनाचा. आता समजा, मधोमध वाकलेल्या पोराने दोन पायांमधून मागे फेकलेला चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला. चेंडू अंडाकृती, त्यामुळे टप्पा पडल्यावर तो कुठे उडेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. एक जण झडप घालतो, चेंडू त्याच्या कोपराखालून निसटतो. दुसरा उचलायला धावतो आणि स्वतःच्याच बुटाने त्याला आणखी पाच यार्ड मागे पाठवतो. शेवटी सात-आठ जण एकावर एक पडतात. पंच त्या ढिगातून एकेकाला उपसून काढत असतात, तोवर वरच्या बाकांवर निकाल लागलेला असतो : ‘अरे, पड त्याच्यावर! उचलतोस काय?’ असा चेंडू उचलायचा नसतो, त्यावर पडायचं असतं, हे सत्तरीच्या आजोबांना ठाऊक आहे आणि सोळा वर्षांच्या नातवाला नाही. आजोबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो संताप दिसतो, त्याच्याइतका सुखी संताप दुसरा नाही.

कोणी म्हणेल, आवडतं तर चिडतात कशाला? लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पाणचट निघाला म्हणून कोणी उठून गेल्याचं ऐकलं आहे का? उलट त्या मठ्ठ्यावर पुढची दोन लग्नं काढता येतात. चिडणं हाच तिथला आनंद असतो. ॲलन गावात 2012 मध्ये सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून 18,000 आसनांचं शालेय स्टेडियम उभं राहिलं आणि दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं. आता बांधकामही गचाळ म्हटल्यावर बोलायला किती विषय झाले! (दुरुस्त होऊन ते 2015 मध्ये पुन्हा सुरू झालं.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ती पोरं आहेत, त्यांच्यावर कसलं ओरडता? याला उत्तर असं की, मुरलेला प्रेक्षक पोरांवर फार वेळ ओरडत नाही, तो प्रशिक्षकावर घसरतो. ओडेसा गावातल्या पर्मियन शाळेचा संघ 1988 मध्ये एका गुणाने हरला आणि प्रशिक्षक गॅरी गेन्स यांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या लोकांनीच परस्पर रोवल्या. पुढे तीन संघांमधली बरोबरी सोडवायला नाणं उडवावं लागलं, पर्मियन तरला आणि थेट राज्याच्या उपांत्य फेरीत गेला. 1989 मध्ये याच गेन्सनी राज्याचं अजिंक्यपद आणलं. पाट्या रोवणाऱ्यांनी ते आपल्याच मार्गदर्शनाचं फळ मानलं असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पंचांच्या बाबतीत मात्र माझी बाजू लंगडी पडते. आपल्या पोराला होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, 10 यार्डांचा दंड लावला तर पंच आंधळा, समोरच्याला लावला नाही तरी पंच आंधळाच. पंचाचा दंडाचा पिवळा रुमाल पडला की अर्धं स्टेडियम उभं राहतं. हे गमतीपुरतं राहत नाही. 2018-19 नंतरच्या काही हंगामांत अमेरिकेतल्या शालेय खेळांनी सगळे मिळून सुमारे 50,000 पंच गमावले, आणि त्यामागच्या कारणांत प्रेक्षकांच्या शिव्या ठळकपणे सांगितल्या जातात. रुमाल टाकणाराच उरला नाही तर सामनाच होणार नाही. मग गचाळ काय आणि चोख काय!

डॅलसच्या आसपास आता मराठी घरंही पुष्कळ आहेत, आणि कोणाची मुलगी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते म्हणून आई-बाबा शुक्रवारी स्टेडियमवर जातात. नियम कळत नाहीत म्हणून त्यांनी संकोचून गप्प बसू नये. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला चेंडू लाथाडून द्यायचा की धोका पत्करायचा, यावर प्रशिक्षकाला खुशाल ऐकवावं. शेजारचे लगेच दुजोरा देतील. पंचाला मात्र सोडा. आणि चेंडू पाडणाऱ्या पोराचं नाव घेऊन ओरडू नका, त्याची आई बहुधा पुढच्याच बाकावर बसलेली असते.