हसऱ्या गाईचं सँडविच

शिरूरच्या हायवेवर हल्ली कुठलाच पदार्थ उघड्या अंगानं बाहेर पडत नाही. डोशावर चीज, मॅगीवर चीज, पावभाजीवर तर बर्फवृष्टी. मिसळीच्या कटात चीज वितळलं की तिखट घशाला लागत नाही आणि बिल मात्र थेट लागतं.

अर्थात तालुक्याला हे शोभतंच. ‘लाफिंग काऊ’, म्हणजे हसणारी गाय, हे १९२१ सालचं फ्रेंच चीज. तिच्या मालकीण कंपनीनं, बेलनं, २०२२ मध्ये ब्रिटानियाशी भागीदारी केली आणि २०२४ मध्ये रांजणगावला चीजचा कारखाना सुरू झाला. महागणपतीच्या गावात परदेशी गाय हसू लागली. गोठ्यातली आपली गाय हसत नाही, कारण धार काढताना मालकाचं तोंड तिच्यासमोर असतं.

ते तोंड तसं का, याचा हिशेब सरकारी आहे. गाईच्या दुधाला जुलै २०२४ मध्ये लिटरला ३० रुपये दर अधिक ५ अनुदान. ऑक्टोबरात अनुदान थेट ७ झालं! गावोगाव अभिनंदनाचे फ्लेक्स लागणार, एवढ्यात कुणीतरी बेरीज केली. दर २८ वर आला होता. आधीही ३५, नंतरही ३५. किलोभर चीजला दहाएक लिटर दूध लागतं. सरकीची पेंड कशाला किती लागते हे विचारायचं नसतं.

तेव्हा नवनव्या सँडविचांच्या या लाटेत आमच्याही दोन-तीन पाककृती.

पहिलं ‘फॅट-एसएनएफ ग्रिल’. संकलन केंद्रावर दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅटखेरीजच्या घनपदार्थांना) बसलं नाही की पॉइंटमागं पैसे कापतात. हॉटेलातही काउंटरवर तेच मशीन ठेवावं. सँडविच आलं की ग्राहकानं नमुना घालायचा, आकडा बघायचा आणि मालकाकडं न बघता म्हणायचं, ‘आज फॅट कमी लागली, सव्वीस रुपये घ्या.’ मशीन कुणाच्या मालकीचं, या प्रश्नावर तेवढी चर्चा नको. ती संकलन केंद्रावरही होत नाही.

शेजारच्या दौंडसाठी ‘जंक्शन टोस्ट’. आत केडगावकडच्या गुऱ्हाळातला गूळ आणि भरपूर चीज. पहिला घास तोडून तार ओढत राहायची, मनमाडच्या गाडीचं इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागेपर्यंत. अडचण एकच. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइननं दौंड स्टेशनाला वळसा घालून जातात. तार धरून फलाटावर उभं कोण राहणार?

सगळ्यात पौष्टिक मात्र ‘अनुदान मेल्ट’. ग्राहकानं आधी पूर्ण पैसे भरायचे. समोर येतील दोन कोरडे ब्रेड, व्यवस्थित भाजलेले. चीज नंतर, थेट खात्यात. त्यासाठी आधार बँकेशी जोडलेलं हवं, गाईसारखा कानात पिवळा बिल्ला हवा आणि बिल्ल्याचा नंबर अ‍ॅपवर चढलेला हवा. कुणी तक्रार केलीच, तर वेटरनं नम्रपणे त्याचा कान धरून नंबर तपासावा आणि सांगावं, ‘साहेब, तुमची नोंद म्हैस म्हणून झालीय. अनुदान फक्त गाईला आहे.’