शपथेवर, टंकलेखकामार्फत

धाड गावचा साक्षीदार सकाळच्या एसटीने कोर्टात पोचतो, पिंजऱ्यात शपथ घेतो आणि सांगतो, "म्या जेवून वट्ट्यावर बसेल होतो जी. तिकून गलका झाला. मंग म्या पळालो."

न्यायाधीश साहेब सांगतात, लघुलेखक टंकतो: 'घटनेच्या वेळी मी घरासमोरील ओट्यावर बसलेलो होतो. आरडाओरड ऐकून मी घटनास्थळाकडे गेलो.' गडी पळाला कुठे आणि कागदावर पोचला कुठे!

दोष एकट्या टंकलेखकाचा नाही. सत्र खटल्यात साक्ष सहसा कथनरूपात नोंदवावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३११च म्हणते. त्यामुळे वकिलाचा आडवातिडवा प्रश्न हवेत विरतो आणि उत्तर तेवढे साक्षीदाराच्या गळ्यात पडते. धाडची बोली तर पहिल्याच ओळीत शुद्ध होऊन निघते.

उलटतपासाचे शेवटचे वाक्य मात्र लघुलेखकाच्या बोटांना पाठ असते: 'हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे.' साक्षीदाराने नुसती मान हलवलेली असते.

मग जबाब वाचून दाखवायचा, हा कायदाच. वाचन सुरू होते. साक्षीदाराचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, परतीची एसटी डोक्यात.

"सही कुठी करू जी?"