काटा हलला पाहिजे

जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन पोटजाती असतात. पहिली पॉलिशवाल्यांची. ही मंडळी दर रविवारी गाडी पुसतात, तिला टेकून फोटो काढतात आणि वरातीला गाडी द्यायची की नाही यावरून सख्ख्या मेहुण्याशी वैर धरतात. दुसरी काटेवाल्यांची. रंग उडालेला असो, मडगार्ड गंजलेलं असो, यांना त्याचं सोयरसुतक नाही. यांचा जीव स्टिअरिंगमागच्या वीतभर जागेत अडकलेला असतो. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा. त्यातला एखादा मेला की यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं.

कोल्हापुरातल्या अशा एका गृहस्थांना आपण अण्णा म्हणू. अण्णा सगळ्याच गावांत असतात. पण कोल्हापुरात त्यांना खतपाणी भरपूर. उद्यमनगरात लेथवर उभा असलेला कारागीर जगातला कुठलाही सुटा भाग बघून "नमुना ठेवून जावा, सांजच्याला न्या" एवढंच म्हणतो. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सारं गाव सोनं लुटायच्या तयारीत असतं आणि अण्णा टाचा उंच करून गाडीच्या डॅशबोर्डाचा अंदाज घेत असतात. "मीटर सगळे चालू आहेत," असं त्यांनी एकदा पन्नास फुटांवरून जाहीर केलं. मागच्या माणसानं "पालखी दिसंना झालीय, खाली वाका," म्हटल्यावर ते वाकले. मत बदललं नाही.

अण्णांची गाडी म्हणजे फियाट अकराशे, डिलाईट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी या घराण्याची वंशावळ ऐकावी लागते: डुक्कर फियाट, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, मग १९६४ पासून डिलाईट आणि पुढे प्रेसिडेंट, पद्मिनी. डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी लावलेली कशी होती, हे ते कपाटाचं दार उघडून दाखवतात. पाहुणा तरीही विरघळला नाही तर हुकमाचं पान पडतं. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून जी गाडी घेतली, ती फियाटच. हे सांगताना अण्णांचा सूर असा की कर्जाला जामीन जणू तेच होते.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम काढले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि अट अशी की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. इतर मालक या अटीवर चिडले. अण्णा गहिवरले. त्यांची गाडी इतकी वर्षं शेवटच्या दोनच कामांना तर बाहेर पडत होती.

खरं म्हणजे अण्णांना काट्यांची गरज नाही. पेट्रोल किती आहे हे ते टाकीत वेताची काठी घालून बघतात. वेग इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात आणि पाणी तापलं की त्यांच्या नाकाला कळतं. पण बंद काट्याची गाडी चालवणं म्हणजे त्यांच्या लेखी देवाला नैवेद्य न दाखवता जेवायला बसणं.

पेट्रोलच्या काट्यानं त्यांचं अख्खं एक वर्ष खाल्लं. टाकीत एक पोकळ पितळी फ्लोट तरंगतो, त्याचा दांडा बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतो, विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि त्या हिशेबानं पुढे काटा हलतो. बिघाड मीटरमध्ये की टाकीत, हे ओळखायची युक्ती गावठी पण नामी. टाकीवरची वायर काढायची आणि क्षणभर गाडीच्या बॉडीला टेकवायची. काटा एका टोकाला पळाला तर मीटर जिवंत, दोष टाकीकडे. फक्त यासाठी माणसं दोन लागतात, एक मागे वायर धरायला आणि एक पुढे काटा बघायला. पुढे अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, बसल्या होत्या, मटार सोलत.

"हलला का?"

"हलला."

"कुठे गेला?"

"होता तिथून थोडा पलीकडे."

"थोडा म्हणजे किती?"

"अहो, मी काय फूटपट्टी घेऊन बसलेय?"

"आता?"

"आता परत आला."

"मी तर वायर अजून धरलीये!"

"मग ती माशी असेल."

संध्याकाळी वायरमनला बोलावलं. त्यानं टाकीच्या अर्थिंगचा स्क्रू काढला, पॉलिशपेपरनं गंज घासला आणि काटा पाव टाकीवर येऊन उभा राहिला. अण्णांचा चेहरा पडला. एवढ्या स्वस्तात दुखणं बरं होणं त्यांना मंजूर नव्हतं. सुदैवानं चार दिवसांत काटा पुन्हा शून्यावर बसला. आता मात्र फ्लोटच फुटला होता. आत पेट्रोल शिरून तो तळाला गेला होता. असं छिद्र डोळ्यांना दिसत नाही. फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतली वाफ बुडबुड्यांनी बाहेर येते आणि जागा सापडते. ती सापडली काकूंच्या दुधाच्या पातेल्यात. पातेलं पुढे तुळशीला पाणी घालायच्या कामी लागलं. फ्लोट डाग देऊन टाकीत परत गेला. आता जोतिबाचा डोंगर चढताना टाकी भरते आणि उतरताना रिकामी होते. पेट्रोल मागेपुढे कलंडतं, त्याला कोण काय करणार? अण्णा पंपावर जाताना चढाचा रस्ता धरतात.

वेगाचा काटा हे त्यांचं खरं दैवत. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरच्या पोटातलं लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, वाटी ओढली जाते, एक केसासारखी स्प्रिंग तिला मागे धरते आणि या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो वेग. हे पेटंट स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झ यांचं, १९०२ सालचं. अण्णा त्यांचा उल्लेख 'आपले शुल्झ' असा करतात. काटा थरथरायला लागला की केबल सुकली म्हणायची. तिला ग्रीस द्यायचं ते खालच्या बाजूनं. वरची काही बोटं कोरडी ठेवायची, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जातं आणि शुल्झ बुडतात. एका मेकॅनिकनं वरपर्यंत सढळ हातानं ऑइल ओतलं, त्याच्याशी अण्णांनी बोलणं टाकलंय. त्याच्या मुलीच्या लग्नाला मात्र गेले, कारण पत्रिका ज्यानं छापली त्याच्याकडे त्यांचं काम होतं.

काम असं की मीटरच्या तबकडीवरचे आकडे उडाले होते. असली बारीक छपाई स्क्रीन प्रिंटिंगवाल्यालाच जमते आणि तो गावात लग्नपत्रिकांवर जगतो. त्यानं तबकडी सुरेख काढली. फक्त वर मोकळी जागा दिसली म्हणून 'श्री महालक्ष्मी प्रसन्न' टाकलं. अण्णांनी ते पुसून घेतलं. काकूंचं मत, राहू द्यायला हवं होतं.

याच सुमारास त्यांची हिलमन गाडीवाल्या मित्राशी तात्त्विक लढाई जुंपली. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा; तेव्हा पन्नाशीतल्या गाडीच्या तबकडीवर मैल शोभतात की किलोमीटर? दोन निवृत्त माणसं रंकाळ्यावर भेळ खाताना या प्रश्नावर इतकी तापली की भेळवाल्यानं दोघांनाही पाणी दिलं. शेवटी सलोखा झाला तो मित्रावर संकट आलं म्हणून. काही जुन्या इंग्रजी गाड्यांचा तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनात एक फुगीर टोक, तिथून मीटरपर्यंत केसासारखी तांब्याची नळी आणि आत ईथर. नळी कुठे मोडली की ईथर उडून जातो, काटा कायमचा झोपतो. उपाय असा की दुसऱ्या मीटरची चांगली नळी फुगीर टोकासकट कापून जोडायची, आणि जोडताना ते टोक बर्फामिठात बुडवून ठेवायचं. ईथर पस्तीसेक अंशांनाच उकळतो. डाग देताना तो बाहेर आला तर सगळं मुसळ केरात आणि शिवाय भडका. बर्फ अण्णांकडच्या फ्रीजचा आणि भांडं आमरसाचं. काकूंनी स्वयंपाकघराला आतून कडी लावली तेव्हा बर्फ आधीच बाहेर गेला होता.

सुटे भाग आणायला अण्णा मुंबईला जातात. चोरबाजारातली मटन स्ट्रीट त्यांना आपल्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे. जातात मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. एवढ्या लांब गाडी नेऊन किलोमीटर का वाढवायचे? त्यांच्या मीटरवर एक्केचाळीस हजार दिसतात आणि ते अभिमानानं दाखवतात. पाच आकडी मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा हे एक्केचाळीस कितव्या फेरीतले, असं विचारणाऱ्याला दुसरा चहा मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. अण्णांनी पिशवी भरली. वायरमन म्हणाला, "आणा की पद्मिनीचा मीटर, बसवतो." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं कुणाचा तरी चष्मा कुणाच्या तरी नाकावर चढवायला सांगितलं होतं.

आणि मग एक दिवस तिन्ही काटे एकदम चालू झाले. अशी वेळ काटेवाल्यांवर सहसा येत नाही आणि येऊ नये. अण्णा काकूंना घेऊन हायवेला गेले. आजवर ते सांगत आले होते की त्यांची डिलाईट साठला तरंगते. काटा बेचाळीसवर होता. अण्णांनी आणखी दाबलं, इंजिन ओरडलं, काटा चव्वेचाळीस. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे गेला. तेवढ्यात तापमानाचा काटा मध्याच्या पलीकडे सरकला. अण्णांनी गाडी चिंचेखाली लावली, बॉनेट उघडलं, वारा घातला. पुन्हा निघाले, पुन्हा सरकला, पुन्हा झाड. किणी टोलनाक्याच्या अलीकडची सगळी झाडं काकूंच्या ओळखीची झाली.

"काटा बंद होता तेव्हा गाडी कधी तापत नव्हती," काकू म्हणाल्या.

अण्णा घरी आले ते गप्पच. दोन दिवस गाडीच्या वाटेला गेले नाहीत. स्वयंपाकघरातलं घड्याळ गेल्या गणपतीपासून बंद आहे याची काकूंनी आठवण करून दिली, पण त्यात नुसता सेल बदलायचा असल्यामुळे अण्णांना रस नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वायरमनच्या दुकानात हजर. चेहरा उजळलेला. त्यांच्या लक्षात आलं होतं की डिलाईटला अँपिअरचा मीटर नाही. चार्जिंगचा तेवढा एक लाल दिवा आहे.

"नगा त्या भानगडीत पडू, अण्णा," वायरमन म्हणाला. "गाडीचा सगळा करंट त्या मीटरमधनं जातोय. जोड ढिल्ला पडला की धूर."

"चांगला मीटर आणतो. त्या काळातला."

"पण कंपनीनं दिलाच न्हवता की. मग तुमचं ते वरिजिनल?"

"त्या काळात लोक बाजारातून आणून बसवायचे. म्हणजे ओरिजिनलच झालं."

वायरमननं ड्रिलकडे पाहिलं. "डॅशबोर्डाला भोक पाडायला लागंल."

अण्णांनी थोडा विचार केला. "पाड. पण हे बघ, भोकसुद्धा जुनं वाटलं पाहिजे."